डोळ्याला टिपूस नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी आपल्यासमोर बोलायला उभी राहिले याचे माझे मलाच नवल वाटते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला जाऊन वाण घेण्यापलीकडे चार बायकांत पुढे होण्याची मला सवय नाही. परंतु कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुमच्या दुखण्याबद्दल दोन शब्द सांगा, कोणाला तरी उपयोग होईल." म्हणून उभी आहे. बोलताना मधूनमधून मी पाण्याचा घोट घेईन, तेवढे सांभाळून घ्यावे. तो घोट हाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

आपला तालुका कसा आहे ते आपणा सर्वांना ठाऊकच आहे. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी पोचले तिथे ऊस उभा; नाही पोचले तिथे कुसळे. पाच वर्षांपूर्वी माझ्या अंगातलाही कालवा असाच आटू लागला. आरंभी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपे. मला वाटले, रस्त्याची धूळ असेल. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत. त्या ओल्या बोटाने सोडवाव्या लागत. कांदा चिरताना सुनेच्या डोळ्यांना धारा लागत आणि मी मात्र ठणठणीत! त्याचे तेव्हा मला कौतुकच वाटले.

मग तोंडाला कोरड पडू लागली. आपले जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. तो घास तोंडात नुसता फिरायचा, खाली म्हणून उतरायचा नाही. प्रत्येक घासाला पाणी लागे. आमचे हे थट्टेने म्हणायचे, "आता ग्रामस्थांचा टँकर आधी आपल्या दारात उभा करायला हवा." मीही हसत असे. पण रात्री चार वेळा उठून तांब्या तोंडाला लावावा लागे तेव्हा हसू येत नसे. दोन वर्षांत चार दात किडले. बोटांची पेरे दुखू लागली. दुपारपर्यंत अंगातले बळ सरून जाई. भांडी तशीच पडली की मलाच माझी लाज वाटे.

उपाय का कमी केले? सब्जा झाला, गुलकंद झाला, तळपायाला एरंडेल झाले. एक डॉक्टर म्हणाले, उष्णता आहे. दुसरे म्हणाले, वय झाले, या वयात बायकांना असे होतेच. तिसऱ्यांनी सांगितले, मनाला लावून घेऊ नका. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. डोळे होते तसेच.

अशातच माझ्या सासूबाई वारल्या. अकरा महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचे सर्व मीच केले. शेवटचा घोट पाण्याचाही माझ्याच हातून घेतला. अंगणात बायका जमल्या, सगळ्यांनी हंबरडा फोडला. माझा जीव आतून तुटत होता, गळा दाटून आला होता, डोळे निखाऱ्यासारखे जळत होते. पण पाणी येईना. तेवढ्यात मागून शब्द कानावर आले, "सुनेच्या डोळ्याला टिपूस नाही गं! सुटली म्हणायची."

भगिनींनो, मला आजवर पुष्कळ लागले, खुपले, भाजले. पण त्या शब्दांसारखे काही लागले नाही. त्या रात्री गोठ्यामागे जाऊन मी बसले आणि रडण्याचा प्रयत्न केला. रडण्याचाही प्रयत्न करावा लागतो, हे तेव्हा कळले. आणि मग मनात आले, खरेच का मी दगड झाले आहे? त्या कोणी बोलल्या त्यांना मी दोष देत नाही. मलाच जे ठाऊक नव्हते ते त्यांना कोठून ठाऊक असणार?

पुढे माझ्या नणंदेची मुलगी सुट्टीला आली. ती सोलापुरात परिचारिका आहे. मी पाण्याबरोबर भाकरी गिळताना तिने पाहिले, दात पाहिले, बोटे पाहिली आणि म्हणाली, "मामी, हे वेगवेगळे आजार नाहीत. हा एकच आजार असेल." ती मला संधिवाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे खालच्या पापणीत टीपकागदासारखी एक पट्टी अडकवून पाच मिनिटे डोळे मिटून बसवले. पट्टी पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा धरतात. माझी एका डोळ्याची तीन भिजली, दुसऱ्याची दोन. मग रक्त तपासले आणि खालच्या ओठाच्या आतून कणभर तुकडा काढून तोही तपासला.

आजाराचे नाव निघाले शोग्रेन. हे नाव जिभेवर बसायला मला आठ दिवस लागले. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडन देशातले डोळ्यांचे डॉक्टर. डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांना तपासून त्यांनी १९३३ साली आपला प्रबंध लिहिला. त्यांतल्या पुष्कळ जणींचे सांधेही दुखत होते. त्यांच्या जन्मदिवशी, २३ जुलैला, या आजाराचा दिवस जगभर पाळतात. हा आजार होणाऱ्या दहांपैकी नऊ जणी बायकाच असतात आणि बहुधा चाळिशी-पन्नाशीत तो लक्षात येतो. टेनिस खेळणारी व्हीनस विल्यम्स हिलाही तो आहे. २०११ साली तिला मोठ्या स्पर्धेतून मध्येच माघार घ्यावी लागली होती. तिच्यासारखी मजबूत बाई थकते, मग आपण थकलो तर त्याला आळस का म्हणावे?

हे होते कसे, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले त्याचा माझ्या भाषेत अर्थ असा, की कुंपणानेच शेत खाल्ले. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या राखणदार. त्यांना कसला तरी भ्रम होतो आणि शत्रू सोडून त्या आपल्याच अश्रूंच्या नि लाळेच्या ग्रंथींवर तुटून पडतात. झरे बुजत जातात. लाळ म्हणजे नुसती थुंकी नव्हे. ती घास भिजवते आणि दात धुऊन राखते. ती गेली की दात किडतातच. मी काही खोटेनाटे पथ्य मोडले म्हणून हे झाले नाही आणि कोणाची नजरही लागली नाही. हा आजार एकीचा दुसरीला लागत नाही.

हे दुखणे मुळापासून घालवील असे औषध अजून निघालेले नाही. पण सांभाळता येते. मी दिवसातून अनेकदा डोळ्यांत अश्रूंसारखे थेंब घालते, रात्री मलम घालते. पंख्याचा वारा तोंडावर घेत नाही. बाहेर उन्हावाऱ्यात काळा चष्मा लावते. "या वयात गॉगल!" असे कोणी म्हणाले तर म्हणोत. पाणी एकदम ढोसण्यापेक्षा घोट-घोट घेते. गोड गोळ्या चघळत नाही, त्याने दात अधिक जातात, बिनसाखरेची चघळते. दर सहा महिन्यांनी दात दाखवते. मिश्री मी कायमची सोडली. आपल्यापैकी ज्या लावतात त्यांनी हे मनावर घ्यावे. भाकरी कालवणात नाहीतर ताकात कुस्करते, चटणी दह्यात कालवते. सांध्यांसाठी एक गोळी आहे, ती मूळची हिवतापावरची. ती घेणारीने डोळ्याचा पडदा वेळोवेळी तपासून घ्यायचा असतो. हरतालिकेचा निर्जळी उपास मी आता पाणी घेऊन करते. देवी माझ्या घोटभर पाण्यावर रागावत असेल असे मला वाटत नाही.

दोन गोष्टी मुद्दाम सांगते. कानाखाली किंवा गळ्याला आलेली सूज उतरेना तर ती डॉक्टरांना दाखवावी. क्वचित तिच्यातून गंभीर आजार निघतो. आणि हा आजार असलेल्या तरुण सुनेला वा लेकीला दिवस गेले, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. रक्तातल्या एका दोषाने क्वचित पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. त्यासाठी वेळेवर तपासणी लागते.

कोरड पडली म्हणजे हाच आजार, असेही कोणी समजू नये. मधुमेहाने कोरड पडते, काही गोळ्यांनीही पडते. पण तीन महिने डोळे खुपत असतील, पाण्यावाचून घास उतरत नसेल, तर "वय झाले" म्हणून गप्प बसू नका. गप्प बसण्यात माझी तीन वर्षे आणि चार दात गेले.

शेवटी एकच सांगते. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते, तेव्हा आपल्या मंडळाच्या बायका वारकऱ्यांना पाणी देतात. मीही देते. त्यावेळी आपण कोणाला विचारतो का, "तुला खरेच तहान लागली आहे का? दाखव बघू?" नाही. हात पुढे आला की आपण तांब्या ओततो. घरातली एखादी बाई, "माझे अंग मोडून आले, माझे डोळे जळतात," असे म्हणाली, तर तिच्याकडेही पुरावा मागू नये. तिच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही म्हणून दुःखही नाही, असे समजू नये.

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला, त्या दिवशी मागे बोललेल्या बाईच आमच्याकडे पुरण वाटायला आल्या होत्या. मी त्यांना आजाराचे सर्व सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. उठून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला आणि शेजारी बसून राहिल्या. त्यांच्या डोळ्यांना पाणी आले होते. मला वाटले, माझ्या वाटचे त्याच रडल्या.