पाणचक्क्या, पाणंदी आणि स्टूर नदीचे खोरे



सफक आणि एसेक्स या परगण्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या स्टूर नदीचे खोरे जगाला ठाऊक झाले ते जॉन कॉन्स्टेबलच्या चित्रांमुळे. १८२१ साली प्रदर्शित झालेल्या ‘द हे वेन’सारख्या चित्रांमुळे या खोऱ्याकडे निवांत, अचल इंग्लंडचे प्रतीक म्हणून पाहिले जाते. मला हा समज अपुरा वाटतो. हे खोरे कष्टाने, कायद्याने आणि व्यापाराने घडवलेले आहे. पाणचक्की, नदी आणि पाणंद हे धान्याच्या एकाच व्यवहाराचे तीन भाग होते. म्हणून ते नुसते पाहण्यासाठी राखणे पुरेसे नाही. ते वापरात राहिले पाहिजे.

पुरावा खुद्द चित्रकाराच्या घरात सापडतो. त्याचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचे व्यापारी होते आणि फ्लॅटफर्ड व डेडम इथल्या पाणचक्क्या त्यांच्या ताब्यात होत्या. १७०५च्या कायद्याने सडबरीपासून मॅनिंगट्रीपर्यंत नदी वाहतुकीला खुली झाली. धान्य आणि पीठ बोटींतून मिस्टलीच्या बंदरात, तिथून जहाजाने लंडनला जाई. उलट दिशेने कोळसा येई. चक्कीला बंधाऱ्यामागे साठलेले पाणी हवे, बोटीला पुढे जायला वाट हवी. दोन्ही गरजांचा मेळ लॉकने, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट पुढे सोडणाऱ्या दारांच्या कोठडीने, घातला. काठाकाठाने घोडे बोटी ओढत. गुरे पलीकडे जाऊ नयेत म्हणून त्या वाटेवर आडवे अडसर असत आणि घोड्यांना ते ओलांडायला शिकवलेले असे. १८२५चे ‘द लीपिंग हॉर्स’ हे चित्र याच कामाचे आहे.

पाणंदींचेही तसेच. १५५५च्या कायद्याने रस्ते राखण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर, आली. गावकऱ्यांनी वर्षाला चार दिवस, १५६३नंतर सहा दिवस, विनामोबदला राबायचे, ही पद्धत १८३५पर्यंत कायद्यात होती. या भागातली बरीचशी शेते आणि कुंपणे संसदेच्या कायद्यांनी इतरत्र सरळ रेषांत जमीन वाटली जाण्याच्या फार आधीची आहेत. आधीच असलेल्या शेतांना वळसा घालत पाणंदी गेल्या, म्हणून त्या नागमोडी आहेत. उतारावर गाड्यांची चाके, गुरांचे खूर आणि पावसाचे लोट यांनी त्या खोल खचत गेल्या.

मग ही निवांतता आली कुठून? ती व्यापार उठून गेल्यावर आली. परदेशी धान्यावर कर लावणारे धान्य कायदे १८४६ साली रद्द झाले आणि आयातीचा गहू वाढत गेला. अमेरिकेचा वाटा मोठा होताच, पण १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर, १८७०मध्ये जबलपूर मुंबईशी रेल्वेने जोडले गेल्यावर आणि १८७३मध्ये गव्हाच्या निर्यातीवरचा कर उठल्यावर नर्मदेच्या खोऱ्यातला गहूही मुंबई बंदरातून ब्रिटनला येऊ लागला. बंदरांवर पोलादी रोलरांवर दळणाऱ्या मोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि आतल्या खोऱ्यांतल्या दगडी जात्यांचे दळण तुटले. स्टूरकाठच्या शांततेत आपल्या मुंबईचाही थोडा हात आहे, तो असा.

यावर पहिला आक्षेप असा की, हा गतकाळाचा गौरव आहे. १०८६च्या डोम्सडे या इंग्लंडमधल्या जमिनींच्या पाहणीत नोंदलेल्या साडेपाच हजारांहून अधिक चक्क्या प्रामुख्याने जमीनदारांच्या मिळकती होत्या. अनेक ठिकाणी कुळांना जमीनदाराच्याच चक्कीवर दळण्याची सक्ती होती. कॉन्स्टेबलच्या काळातही, १८१६ आणि १८२२मध्ये, इंग्लंडच्या या पूर्व भागात भुकेल्या शेतमजुरांनी दंगे केले, यंत्रे फोडली. हे सारे खरे आहे. म्हणूनच खोऱ्याला कामाची जागा मानले पाहिजे. निसर्गदृश्यात मजूर ठिपक्याएवढा उरतो; कामाच्या जागेत त्याची मजुरी आणि त्याची भूक यांचा हिशेब मागावाच लागतो. दुसरा आक्षेप पर्यावरणाचा: जुने बंधारे माशांची आणि ईलची वाट अडवतात. तोही योग्य आहे. प्रत्येक बंधारा राखावा, असा माझा आग्रह नाही. जिथे माशांसाठी बाजूने वाट काढता येते तिथे ती काढावी. जिथे बंधारा निरुपयोगी आणि घातक आहे तिथे तो उतरवावा. गरजेप्रमाणे बदल करणे ही तर या नदीची जुनीच रीत आहे.

जपणुकीचे चांगले प्रयत्न याच वाटेने गेले आहेत. १९४९च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवण्याचे काम स्थानिक प्रशासनांकडे आले. फ्लॅटफर्डची चक्की नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची असून तिथे निसर्ग-अभ्यासाचे वर्ग भरवले गेले आहेत. १९६८पासून रिव्हर स्टूर ट्रस्ट नदीवरची वाहतूक टिकवण्यासाठी झटते आहे. डेडमचे खोरे १९७० साली संरक्षित झाले, पण संरक्षणाचा शिक्का एकट्याने वाट मोकळी ठेवत नाही. नोंदलेल्या पायवाटेवर चालण्याचा हक्क सर्वांचा आहे. त्यासाठी इथे जन्मलेले असण्याची अट नाही. म्हणून इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना माझी विनंती आहे: आपल्या परगण्याचा पायवाटांचा नकाशा पाहा, त्या वाटांनी चाला, आणि एखादी वाट कुंपणाने किंवा झुडपांनी बंद झालेली दिसली तर काउंटी कौन्सिलला कळवा. ती मोकळी ठेवणे त्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्याची आठवण करून देणे हे आपले नागरिक म्हणून काम आहे.