मुलांच्या हाती रहस्यकथा



मंडळाच्या वाचनालयात मुलांचे कपाट व्हावे, पण त्यात भुताखेतांची पुस्तके नकोत, असा सूर परवा निघाला. एके काळी मलाही तसेच वाटे. मुलगा नववीत असताना त्याच्या गणिताच्या वहीखाली नारायण धारपांची कादंबरी सापडली. ती मी सरळ बंबात घातली! पुस्तक वाचनालयाचे होते, दंड भरला. मुलाने मात्र त्यानंतर घरात मराठी पुस्तक उघडले नाही.

वास्तविक मी स्वतः नाथमाधवांची 'वीरधवल' माजघरात चोरून वाचलेली. १९१३ सालची ती अद्भुत कादंबरी. सिंहगडावर शिकारीला गेलेले नाथमाधव कड्यावरून पडून कमरेखाली अधू झाले, आणि अंथरुणाला खिळल्यावर वाचनलेखनाकडे वळले. एवढ्या कल्पनेच्या भराऱ्या त्या अंथरुणातून!

धारप मी वाचले ते अगदी अलीकडे. त्यांच्या 'समर्थ' कथांत भुते आहेत खरी, पण त्यांना आवरणारा समर्थही आहे. मी उगीच धास्तावले होते.

यंदाच्या सुटीत नातू जुळे सोलापुरात आला. त्याला मराठी भरभर वाचता येत नाही, म्हणून रात्री मीच वाचून दाखवीत असे. तिसऱ्या रात्री मुलगा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, जरा मोठ्याने वाच."

ते पुस्तक मी आज कपाटासाठी आणले आहे.