पायाची बायपास आणि आपली शीर
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. डिप्लोमा करून शासकीय रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी करतो. कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या इंदूरच्या घराघरांत हृदयाच्या बायपासची चर्चा होते, पायाच्या बायपासची होत नाही. म्हणूनच पुष्कळ रुग्ण बोट काळे पडल्यावर येतात. तेव्हा प्रश्न चालण्याचा राहत नाही, पाय राहतो की जातो याचा होतो.

पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि वय यांमुळे आतून अरुंद होतात. राजवाड्याहून सराफ्यापर्यंत चालले की पोटरी भरून येते, थांबले की दुखणे जाते. आपण म्हणतो, वय झाले. पुढे रात्री झोपेत पाय दुखतो, खाली लोंबकळत सोडला की बरे वाटते. त्यानंतर न भरणारी जखम. मधुमेही माणसाच्या पायाची संवेदनाच कमी झालेली असते. त्याला दुखणे कळत नाही, एकदम जखमच दिसते.

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने किंवा स्टेंटने धमनी आतून रुंद करणे. दुसरा बायपास, म्हणजे बंद भागाला वळसा घालून रक्ताला नवी वाट देणे. ही वाट कृत्रिम नळीची करता येते, पण गुडघ्याखाली जायचे असेल तर सर्वांत चांगली आपलीच शीर. घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी लांब शीर त्यासाठी वापरतात. शिरेत रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात. म्हणून शीर उलटी करून जोडतात किंवा झडपा आतून कापतात. पॅरिसमध्ये जाँ कुन्लँ या सर्जनने १९४८ साली पायाच्या धमनीसाठी अशी शीर वापरली. पंचाहत्तर वर्षांनंतरही तिच्या तोडीची नळी बाजारात आलेली नाही.

आता परिणाम. उत्तर अमेरिकेतील १,४०४ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात सर्वांचा पाय धोक्यात होता आणि सर्वांना स्वतःच्या शिरेची बायपास केली होती. वर्षानंतर शंभरांतील ८८ जणांचा पाय वाचला होता. पहिल्या महिन्यात शंभरांत जवळपास तिघे दगावले, कारण या रुग्णांचे हृदयही बहुधा आजारी असते. आणखी एक आकडा लक्षात ठेवा. काहीही पुन्हा न करता वर्षभर सुरू राहिलेल्या शिरा शंभरांत ६१ होत्या. पुन्हा उपचार करून सुरू ठेवलेल्या धरल्या तर ८०. ऑपरेशननंतरच्या तपासण्यांची किंमत या फरकात दिसते.

बायपास बरी की अँजिओप्लास्टी? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या अभ्यासात, चांगली शीर असलेल्या रुग्णांमध्ये मोठे फेरऑपरेशन, घोट्यावरून पाय कापणे किंवा मृत्यू, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण बायपासनंतर सुमारे ४३ टक्के आणि अँजिओप्लास्टीनंतर सुमारे ५७ टक्के होते. चांगली शीर नसलेल्यांत दोहोंत ठळक फरक दिसला नाही. पण २०२३ च्या बॅसिल-२ या अभ्यासात, गुडघ्याखालच्या धमन्यांच्या रुग्णांत, निकाल उलटा आला: पाय कापणे किंवा मृत्यू बायपास गटात ६३ टक्के, अँजिओप्लास्टी गटात ५३ टक्के. म्हणजे एकच उत्तर सर्वांना लागू नाही. शेजारच्या काकांना जे केले तेच आपल्याला करा, असा हट्ट धरू नये. मात्र डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: "माझी शीर डॉप्लरवर मोजली का? ती किती जाड आहे?" तीन मिलिमीटरपेक्षा बारीक शीर लवकर बंद पडण्याची भीती जास्त असते.

ही शीर म्हणजे घरातली ठेव आहे. हृदयाच्या बायपाससाठीही तीच काढतात, फुगलेल्या शिरांच्या ऑपरेशनमध्येही तीच जाते. अशा ऑपरेशनपूर्वी पायाच्या धमन्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एका पायाची शीर गेली असेल तर दुसऱ्या पायाची किंवा हाताची शीर शोधता येते, पण काम अवघड होते.

ऑपरेशननंतर पायाला काही आठवडे सूज राहते, लांब टाक्यांची जखम हळू भरते. त्यात घाबरण्यासारखे नाही. नवी जोडलेली शीर पहिल्या दोन वर्षांत आतून जाड होऊन अरुंद होऊ शकते. ती बंद पडण्याआधी डॉप्लरवर दिसते, म्हणून पाय दुखत नसला तरी तारखेला जायचे. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी मनाने बंद करायची नाही. विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत बायपास बंद पडण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले आहे. सर्जनने चार-पाच तास उभे राहून केलेले काम एका बंडलात वाया जाते. आणि पाय अचानक गार, पांढरा पडून दुखू लागला तर सकाळची वाट पाहू नका. हातात काही तासच असतात.

आपण पोहे-जलेबीवाले लोक, मधुमेह बहुतेक घरांत आहे. आई-वडिलांची साखर आपण मोजतो, त्यांचे पाय बघत नाही. उद्या आरती झाल्यावर त्यांचे मोजे काढून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. पाऊल गार असेल, जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर मलम बदलत बसू नका. पायाची नाडी तपासणाऱ्या डॉक्टरकडे घेऊन जा.

 गणपती बाप्पा मोरया!