ज्युडिशियल आणि ज्युडिशस



कानाला सख्खीं भावंडें वाटणारीं, परंतु स्वभावानें अगदीं निराळीं अशीं विशेषणें इंग्रजी भाषेंत पुष्कळ आहेत. त्यांपैकीं ‘ज्युडिशियल’ आणि ‘ज्युडिशस’ या जोडीचा आज विचार करूं. निर्णय या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून हीं दोन्हीं निघालीं; पण पहिलें न्यायासनाकडे गेलें आणि दुसरें मनुष्याच्या बुद्धीकडे.

‘ज्युडिशियल’ म्हणजे न्यायालयीन. हा शब्द नागपूरला जुना आहे. कारण १९३६ सालीं येथें हायकोर्ट स्थापन होण्यापूर्वीं ज्युडिशियल कमिशनरचें कोर्ट होतें. हें विशेषण अधिकार दाखवितें, गुण दाखवीत नाहीं. निकाल चुकीचा असला, तरी तो ज्युडिशियलच. ‘ज्युडिशस’ म्हणजे विवेकयुक्त, तारतम्याचें. त्याला सनद लागत नाहीं. बेताच्या पगारांत महिना नीट निभावून नेणारी गृहिणी ज्युडिशस असते, ज्युडिशियल नसते. म्हणून अर्जांत ‘ज्युडिशियल चौकशी’च्या जागीं ‘ज्युडिशस चौकशी’ असें लिहिलें, तर मागणीच बदलते. पहिलींत न्यायाधीश हवा असतो; दुसरींत केवळ शहाणपणा. तो दाखविल्याचें तर कोणताही अधिकारी सांगूं शकेल!

हे दोन्हीं गुण एकत्र आले म्हणजे काय होतें, याचें उदाहरण याच शहरांत आहे. भगवती चरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार हा नागपूर हायकोर्टाचा निकाल १९४७ च्या कायदा-अहवालांत छापला आहे. लिखाणाचा परिणाम कोणाच्या मनावरून मोजावा, असा त्यांत प्रश्न होता. विरोधी मताच्या प्रत्येक शब्दांत ज्याला धोक्याचा वास येतो, त्या दुबळ्या मनावरून तो मोजूं नये. समंजस, खंबीर व धैर्यवान् मनुष्याच्या मापानें मोजावा, असें न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं ठरविलें. पुढें १९८८ सालीं ‘तमस’ या दूरदर्शन-मालिकेच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानेंही हेंच माप स्वीकारलें. निकालाला बळ आलें तें न्यायासनामुळें. तो चाळीस वर्षें टिकला मात्र त्यांतील विवेकामुळें.

शंका आली, तर त्या जागीं ‘न्यायालयीन’ व ‘विवेकी’ हे आपले मराठी शब्द घालून पाहावे. कोणता शोभतो, तें कान लगेच सांगेल.