कॅबिनेट घेताना हवेची वाट पाहा

नवा डेस्कटॉप जुळवताना प्रोसेसरवर आपण तासन्‌तास खल करतो आणि कॅबिनेट मात्र नुसतं दिसण्यावर घेतो. पुढून अखंड काच असली, की पुढच्या पंख्यांना हवा ओढायला फारशी जागा उरत नाही. त्यापेक्षा बारीक जाळीचं कॅबिनेट घ्या. पुढे १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरणारे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. बसवताना हे जरूर तपासा. जाळीमागचं फिल्टर सहज निघतं का, ते दुकानातच काढून बघा. आपल्याकडच्या धुळीत ते वरचेवर धुवावं लागतं. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंचीही आधी मोजून घ्या.