गोठा, बोडी आणि मासा



भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतून प्रवास करणाऱ्यास धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगास लहान लहान तळीं दिसतात. त्यांस तिकडे बोडी म्हणतात. पावसानें ओढ दिली तरी धान वांचावें, एवढ्याचसाठीं शेतकऱ्यानें ती बांधलेली असते. त्याच्या घरीं दोनचार गुरेंही असतातच. गोठा आणि बोडी हीं दोन्ही एकाच मालकाचीं. पण एकाचा उपयोग दुसऱ्यास होतो असें क्वचितच दिसतें. तो कसा करून घ्यावा, आणि त्यांत कोठें जपावें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. शेण हें माशाचें अन्न नव्हे. शेण पाण्यांत कुजलें म्हणजे त्यांतील नत्र व स्फुरद मोकळे होतात. सूर्यप्रकाश मिळतांच त्यांवर अतिसूक्ष्म हिरव्या वनस्पति वाढतात, त्यांवर बारीक जीव जगतात, आणि या सर्वांवर मासा पोसतो. कटला पाण्याच्या वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत आणि मृगळ तळाशीं. म्हणून हे तिघे एकत्र सोडावेत. कोणी कोणाच्या तोंडचा घास काढीत नाहीं.

पूर्वीं हें बीज नद्यांतून गोळा करावें लागे व त्यांत नको त्या माशांची भेसळ असे. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांतील अंगुल येथें या जातीच्या माशांस ग्रंथिरस टोंचून त्यांचें प्रजनन घडवून आणलें. तेव्हांपासून खात्रीचें बीज मिळण्याची वाट मोकळी झाली.

उन्हाळ्यांत बोडी पुरी आटली नाहीं, तर मरळीसारखे मासेखाऊ मासे तींत दडून राहतात. मोहाची पेंड घातल्यानें ते मरतात. पेंडीचें विष उतरण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. पुढें तीच पेंड खत होते. नंतर दहा गुंठ्यांच्या बोडींत ५०० बोटुकलीं सोडावींत. तिला दर पंधरवड्यास ४० किलोंच्या आसपास ताजें शेण पुरे होतें. म्हणजे एका गाईचें शेणही पुरून उरतें. उरलेलें शेतास घालावें. शेणाऐवजीं बदकें पाळावयाचीं असल्यास तेवढ्याच पाण्यास २० ते ३० पुरेत. तीं पाणी ढवळतात, गोगलगाई खातात, आणि त्यांची विष्ठा आपोआप पाण्यांत पडते. मात्र बोटुकलीं वीतभर होण्याच्या बेतास आल्याखेरीज बदकें पाण्यांत सोडूं नयेत. नाहीं तर बीज त्यांच्याच पोटांत जाईल.

आतां मुख्य धोका. थोड्या शेणानें मासा वाढतो, तर पुष्कळ शेणानें पुष्कळ वाढेल, असा हिशेब मांडण्याचा मोह होतो. पाणी तो हिशेब मानीत नाहीं. शेण कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडतो. दिवसा हिरव्या वनस्पति तो भरून काढतात, परंतु रात्रीं त्या स्वतःच प्राणवायु घेतात. श्रावणांत चार दिवस आभाळ भरून राहिलें, ऊन पडलें नाहीं, आणि तशांत कोणीं पाट्याच्या पाट्या शेण ओतलें, कीं पांचव्या दिवशीं पहाटे मासे तोंडें वर काढून हवा गिळूं लागतात. दिवस वर येईतों पुष्कळसे उलटे तरंगत असतात. सहा महिन्यांची मेहनत अशी एका पहाटेंत जाते.

यासाठीं एक सोपी पारख आहे. हात कोपरापर्यंत पाण्यांत बुडवून तळहात पाहावा. तो स्वच्छ दिसला तर शेण घालावें. कोपर बुडण्यापूर्वींच दिसेनासा झाला तर थांबावें. ढगाळ दिवसांत शेण बंदच ठेवावें. मासे वर आलेच, तर ताजें पाणी सोडावें व काठ्यांनीं पाणी झोडपावें.

ज्या बोडीचें पाणी माणसें पितात, तींत हा उद्योग करूं नये, आणि मासळी नेहमीं पुरती शिजवूनच खावी.

पाणी उतरूं लागलें म्हणजे मासे काढावेत, आणि तळाचा काळा गाळ बांध्यांत टाकावा. गोठ्याचें देणें अखेर धानासही पोंचतें. ज्यांस हें करून पाहावयाचें असेल त्यांनीं एका बोडीनेंच आरंभ करावा, आणि पहिलें वर्षभर रोज पहाटे पाळीवर एक फेरी घालावी.