पाय न टेकता

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्याभोवतीचं पाणी त्यात येतं. किल्ल्याचा इतिहास धाराशिवकरांना मी काय सांगणार? तो सोडतो. मला बोलायचंय ते तटाखालच्या प्रवाळांबद्दल, आणि पर्यटकांच्या पायांबद्दल.

होडी थांबते. डोळ्यांवर काच, दातांत नळी, अंगात लाइफ जॅकेट. माणूस पाण्यात उतरतो, सवयीने नाकाने श्वास घ्यायला जातो, गुदमरतो आणि उभं राहायला बघतो. पायाला टणक लागतं ते त्याला खडक वाटतं. पुष्कळदा ते जिवंत प्रवाळ असतं. जवळून पाहिलं तर त्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या वाट्या दिसतात. प्रत्येक वाटीत एक जीव, त्याच्या पेशींत शैवाल, आणि त्या शैवालाने केलेल्या अन्नावर तो जगतो. वरचा चिकट थर टाचेने खरवडला की जखम झालीच. पोरायटीससारखा गोटा वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. समुद्र तापला की शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. ते थांबवणं एकट्यादुकट्याचं काम नाही. पण पाय तरी आपल्या हातात आहेत! (हशा)

आता पाय न टेकता तरंगायला शिकवणाऱ्या विहिरीकडे येतो. आमच्या मळ्यातली विहीर आठ परस खोल. कमरेला डबा बांधायचा, दोराचं टोक चुलत्यांच्या हातात, आणि वरून ढकलून द्यायचं. बुडाला पाय लागणं शक्यच नाही. त्यामुळे पोर पहिल्यांदा शिकतं ते हातपाय सैल सोडून पाण्यावर पडून राहायला. मुटका, सूर हे सगळं नंतर. उथळ पाण्यात शिकलेला दमला की उभा राहतो. विहिरीत शिकलेला उताणा होतो. प्रवाळांवर तरंगायला हेच लागतं. म्हणून माझं ठाम मत आहे, मालवणच्या प्रवाळांवर जायला आपला विहिरीत शिकलेला माणूस सगळ्यांत लायक.

मागून कोणीतरी विचारतंय, टँकरच्या गावाला समुद्र कशाला? रास्त आहे. पण सुट्टीत मालवणला आपणच जातो ना? अभयारण्याला तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला, कारण प्रश्न त्यांच्या पोटाचा होता. त्यांच्या जाळ्यांवर निर्बंधांची भाषा करायची आणि आपण हौसेखातर प्रवाळांवर उभं राहायचं, हे मला सहन होत नाही. तरंगता येतं की नाही हे होडीवाल्याने आधी, प्रवाळांपासून दूर, पाहावं. येत नसेल त्याने होडीत बसून किल्ला बघावा. पैसे गेले तरी चालतील.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. अँग्रिया बँक हे समुद्राखालचं प्रवाळांचं पठार राहिलंच. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर समुद्रात आत. त्याचा माथासुद्धा वीसेक मीटर पाण्याखाली, तिथे नळीचं काम नाही, टाकी पाठीवर घेऊनच उतरावं लागतं. त्याबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी बाहेर भेटा. आणि पावसाळ्याआधी मालवणला निघालेल्यांनी रविवारी सकाळी पोरांना घेऊन मळ्यावर या. विहिरीला अजून तीन परस पाणी आहे.